डी ड्राइव्ह गेला, लिंका राहिल्या

मागच्या मंगळवारी तलाठी कार्यालयातून भावजींचा फोन. "वहिनी, विहिरीच्या नोंदीचा फेरफार तुमच्याकडे स्कॅन केलेला आहे ना? व्हॉट्सॲपला टाका पटकन, भाऊसाहेब जेवायला उठतील." मी रुबाबात म्हटलं, "दोन मिनिटं, भावजी."

रुबाब एवढ्यासाठी की घरच्या कागदांची वही मी ठेवते. वही म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, ईमॅक्स या लिहायच्या प्रोग्रॅममधल्या ऑर्ग मोडमधली, म्हणजे नोंदी ठेवायच्या सोयीतली. (हा ऑर्ग मोड कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली सुरू केला. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याच्या वहीत मी घरपट्टीच्या पावत्या लावते!) एकेक गट नंबर, खाली कुणाकडून काय आणायचं राहिलंय ते, आणि मग लिंका: सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा. दुहेरी चौकोनी कंसात 'फाइल', कोलन आणि पत्ता, एवढीच ती लिंक. कर्सर तिच्यावर ठेवून कंट्रोल-सी, कंट्रोल-ओ दाबलं की पीडीएफ समोर.

त्या दिवशी समोर आलं, 'नो सच फाइल'. दुसरी लिंक दाबली, तिसरी दाबली. तेच.

लॅपटॉप नवा होता, आठवडाभरापूर्वीचा. जुन्यात वही डॉक्युमेंट्समध्ये आणि स्कॅन डी ड्राइव्हवर. ऑर्ग मोड लिंक करून देताना फाइल वहीच्या फोल्डरात किंवा त्याच्या पोटात असेल तर पत्ता तिथपासूनचा घालतो. बाहेर असेल तर पार ड्राइव्हच्या अक्षरापासून. त्यामुळे माझी प्रत्येक लिंक 'डी'पासून सुरू होत होती, आणि नव्या लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही. कागद आले होते, पण सी ड्राइव्हवर. फेरफार शेवटी हाताने शोधला. नाव काय, तर 'स्कॅन००४७'. तोवर भाऊसाहेब उठले होते.

रात्री बसले. स्कॅनचा फोल्डर उचलून वहीच्या शेजारी ठेवला, मग आल्ट आणि टक्क्याचं चिन्ह (म्हणजे 'शोधा आणि बदला') दाबून जुना पत्ता काढला, त्याजागी नुसतं फोल्डरचं नाव. उद्गारचिन्ह दाबलं की सगळीकडे एकदम बदलतं. आता अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर नेला तरी लिंका चालतात.

सहा मात्र हटून बसल्या. त्या मी कधीतरी ब्राउझरच्या पट्टीतून उचलल्या होत्या: फाइल, कोलन, तीन तिरप्या रेघा. (दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मधे खरं तर कॉम्प्युटरचं नाव यायचं, आपलाच असला की ती जागा रिकामी.) पुढे टक्क्याच्या चिन्हांची माळ. 'सातबारा' लिहायला युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक यादीतली, ७ चिन्हं लागतात, यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाचे ३ बाइट, आणि पत्त्यात दर बाइटला एक टक्क्याचं चिन्ह नि दोन अक्षरं. म्हणजे एका सातबाराची ६३ अक्षरं! बघून कळायचंच नाही की हा सातबारा की गॅसचं पुस्तक. सहाही हाताने लिहिल्या, सरळ देवनागरीत. ऑर्गला ते चालतं.

एकच लिंक अजून 'नो सच फाइल' म्हणते, मोजणीच्या नकाशाची. पत्ता चार वेळा तपासला, पत्ता बरोबर आहे. फाइलच नाहीये. जुना लॅपटॉप तर एक्स्चेंजमध्ये दिला. भावजींना अजून सांगितलेलं नाही.