आमचा इन्स्पेक्टर हरवला

आज मालिका अर्धवट सोडून उठले. चार वर्षांत पहिल्यांदाच.

सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी नऊच्या आत जेवणं उरकून सगळे टीव्हीपुढे, हा नेम. अण्णा हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना मालिकेतला हा इन्स्पेक्टर आवडायचा, कारण तो चुकायचा, दमायचा. पंचनाम्याला पंच मिळेनात म्हणून उन्हात ताटकळायचा. चोवीस तासांच्या आत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायची त्याची एका भागातली धावपळ बघून अण्णा म्हणाले होते, "कुणीतरी खरं दाखवलं बघ."

आणि आज? खांद्यात गोळी, तरी सहा जणांना लोळवलं. मग कोठडीत दोन थपडा, आरोपी घडाघडा बोलला, केस संपली! अहो, पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हेच होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे. खरी केस उभी राहते ती पंचनाम्यावर, साक्षीदारांवर, फॉरेन्सिकच्या अहवालावर. त्यातच तर सगळा थरार होता!

अण्णा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. मला त्याचंच जास्त लागलं. २०१९ च्या महापुरात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ड्युटी केलेला माणूस तो. घाबरणारा, तरीही जागा न सोडणारा पोलीस पडद्यावर दिसला की त्यांना आपलं काहीतरी सापडायचं.

लेखकांनो, तो दमणारा इन्स्पेक्टर परत द्या. आम्ही त्याच्यासाठीच बसत होतो.