टाकीची गळती आणि अकरा दिवसांचं ‘उद्या या’

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या बोळात बाबांची स्प्लेंडर तीन दिवस पाण्यात होती. इंजिन खोलून साफ केलं, टाकीतलं पेट्रोल नुसतं बदललं. कोपऱ्यात पाणी राहिलंच. ते पेट्रोलपेक्षा जड. तळाशी बसून पत्रा आतून खातं. या मे महिन्यात सीटच्या टोकाखाली थेंब दिसला.

टाकी काढायला अर्धा तास लागला. पुढचे अकरा दिवस एका गॅरेजनं खाल्ले. “उद्या या दादा, वेल्डर आला नाही.” पाचव्यांदा गेलो तरी टाकी टायरांच्या मागं, मी ठेवली तिथंच. इकडे हळदीचे सौदे चालू, आणि अडतीच्या दुकानात हिशेब लिहायला बाबा सत्तरीत मार्केट यार्डापर्यंत पायी. अकराव्या दिवशी “वेल्डिंग केलंय” म्हणून सहाशे रुपये घेतले. घरी येऊन नखानं खरवडलं तर रंगावरच थापलेलं एम-सील! पेट्रोल भरल्यावर दुसऱ्या संध्याकाळी खपलीसारखं निघून आलं. पैशांचं जाऊ दे, पण खोटं का बोलावं? त्याआधी दोन वेल्डरनी टाकी बघताच हात जोडले होते. तेव्हा राग आला. आज त्यांचंच बरोबर वाटतं. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक असते, आत वाफ आणि हवा मिसळलेली असते, ठिणगी पडली की स्फोट. जमत नसेल तर असं तोंडावर सांगावं.

काम झालं मिरजेत, रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मामांकडे. टाकी घेऊन थेट रेडिएटरवाल्याकडेच जा, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. त्यांनी कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून टाकी तीनदा धुतली, मूठभर नट टाकून खळखळवली. तांबडा चिखल बाहेर आला. मग तोंडं बंद करून टाकी पाण्यात बुडवली आणि सायकलच्या पंपानं हलकेच हवा भरली. बुडबुडे तीन ठिकाणी! मला एकच भोक माहीत होतं. रंग खरवडून पत्रा पांढरा केला आणि तापवलेल्या तांब्याच्या टोकानं डाग दिला, म्हणजे सोल्डरिंग केलं; ज्योत टाकीजवळ आणलीच नाही. मी तिथं उभा राहून सगळं बघितलं. तुम्हीही उभे राहा.

कॉम्प्रेसरची हवा भरू देऊ नका, टाकी फुगते. रस्त्यात गळती लागली तर कोरडा अंगाचा साबण भोकावर घासा, घरापर्यंत पोचता येतं. काढलेली टाकी घरात ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, फरशीवरून पसरते; आमच्या आईची निरांजन तिथून चार हातांवर होती. आणि धुतलेली टाकी लगेच वाळवा. आमची मामांनी दुपारभर उन्हात उलटी ठेवली, मगच हातात दिली.