चार गेको, चार टब

मित्राला बंगळूरला नोकरी लागली आणि त्याचे तीन लेपर्ड गेको, म्हणजे ठिपकेवाल्या पाळीव पाली, माझ्याकडे साताऱ्यात गोडोलीला आले. एक मोठी मादी आणि तिची दोन पिल्लं. माझा एक नर आधीपासून होताच, तीन फुटी काचेच्या टँकमध्ये एकटा ऐसपैस. आई म्हणाली, "एवढी मोठी पेटी आहे की, सोड सगळ्यांना एकात. तेवढीच सोबत होईल." मित्राचंही तेच, "काही होत नाही रे."

होतं. हा प्राणी मुळात एकट्यानं राहणारा. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातला. दोन मोठे नर समोरासमोर आले की चावाचावी ठरलेली. नराला मादीजवळ ठेवलं तर तो तिला उसंत देत नाही आणि ती अंडी घालून घालून खंगते. बोटभर पिल्लू तर मोठ्याच्या लेखी खाऊच. मला ठरवायचं होतं ते एवढंच, की चौघांतलं कुणी कुणाजवळ राहू शकतं का.

पहिले दोन-तीन महिने हा प्रश्नच बाजूला ठेवला. नवे तिघं आतल्या खोलीत, प्रत्येकाला झाकणाचा प्लास्टिकचा टब, सोल्डरिंग गननं पाडलेली भोकं, खाली साधा टिश्यू पेपर. वाळू दिसायला छान, पण पोटात गेली तर अडकते, आणि कागदावर विष्ठा कशी आहे ते लगेच कळतं. आधी माझ्या नराचं खाणंपिणं उरकायचं, मग नव्यांचं. चिमटे वेगळे, हात साबणानं. आतेभाऊ शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, विष्ठा तपासायला ताजी आण, वाळलेली आणून उपयोग नाही." सकाळी सकाळी डबी घेऊन खंबाटकी उतरलो. मायक्रोस्कोपखाली जंतांची अंडी निघाली. औषध डॉक्टरांनी वजन बघून ठरवलं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा वाईट परजीवी मात्र साध्या तपासणीत सुटू शकतो, म्हणून त्यांनी वजनाची वही घालायला सांगितली. ही वही पुढे सगळ्यात कामी आली.

पिल्लं नर की माद्या, हे मित्रालाही ठाऊक नव्हतं. लेपर्ड गेकोचं लिंग अंडं कुठल्या तापमानात उबतं त्यावर ठरतं. साधारण 26 अंशाला बहुतेक माद्या, 32-33 ला बहुतेक नर. याने अंडी माळ्यावर डब्यात ठेवलेली, थर्मामीटरबिटर काही नाही. त्यामुळे वाट बघणं आलं. साधारण सहा महिन्यांचे झाल्यावर एकेकाला पारदर्शक डब्यात घेतलं, डबा डोक्यावर धरला आणि खालून मोबाइलचा टॉर्च मारला. एकाच्या मागच्या मांड्यांच्या मधे, उलट्या व्हीच्या आकारात, मेणाचे थेंब बसवावेत तशा बारीक छिद्रांची ओळ दिसली. त्याच्याखाली, शेपटीच्या बुडाशी, दोन फुगवटे. हा नर. दुसऱ्याला छिद्रं पुसटशी, फुगवटे नाहीत. ती मादी. उजेड तिरका पडला की पुसट छिद्रंही ठळक वाटतात, त्यामुळे मी दोन-तीनदा बघूनच वहीत लिहिलं.

म्हणजे दोन नर कायमचे वेगळे, त्यात चर्चा नाही. शेजारी ठेवलेल्या टबांमध्येही पुठ्ठा उभा केला, कारण नुसतं एकमेकांना बघूनही ते शेपटी वळवळत उभे राहतात. राहिल्या आई आणि लेक. दोघी माद्या असतील, मापानं सारख्या असतील आणि जागा भरपूर असेल तर काही जणांचं जमतं. लेक वजनात चाळीस ग्रॅम ओलांडून आईच्या जवळ पोचली, तेव्हा दोघींना नव्या, कुणाचाच वास नसलेल्या टँकमध्ये सोडलं. उबदार बाजूला दोन कौलं, थंड बाजूला दोन, ओल्या कोकोपीटचे डबे दोन. सगळं जोडीनं. खाणं मात्र वेगवेगळ्या डब्यांत. उरलेले रातकिडे रात्री यांनाच कुरतडतात.

बघणाऱ्याला चित्र गोड होतं. लेक उबदार कौलाखाली, आई तिच्या पाठीवर मान टाकून. माझ्या बहिणीनं फोटो काढून स्टेटसला ठेवला. पण 32 अंशाची जागा दोन कौलांखाली असताना दोघी एकाच कौलाखाली का, याचं उत्तर वहीत होतं. आई 48 ग्रॅमवरून 50 वर, लेक 41 वरून 37 वर. एकदाही चावा नाही, जखम नाही, आवाज नाही. मोठी फक्त वर बसत होती आणि धाकटी उबेतून बाहेर सरकत होती. ऊब नाही तर पचन नाही. त्याच संध्याकाळी लेक परत तिच्या टबात. काही आठवड्यांत शेपूट पुन्हा जाड झाली. यांची चरबी शेपटीतच साठते.

मधेच आईनं दोन अंडी घातली. माझ्या नराचा तिला वासही लागला नव्हता. पण मित्राकडे ती आधी नराबरोबर होती, आणि या माद्या नराचं बीज महिनोनमहिने साठवून ठेवतात. अजून पिल्लं नको होती, म्हणून अंडी त्याच दिवशी फ्रीझरमध्ये गेली. घरात यावर थोडं महाभारत झालं ("कोथिंबिरीच्या शेजारी?"). तिचा कॅल्शियमचा डोस वाढवला ते वेगळं.

आता कपाटाच्या फळ्यांवर चार जागा, प्रत्येकीला हीट मॅट आणि थर्मोस्टॅट. साताऱ्याची डिसेंबरची रात्र आणि लाइट जाणं, या दोन्हींसाठी मॅट इन्व्हर्टरवर घेतल्या. खर्च चौपट नाही झाला. मीलवर्म, म्हणजे यांच्या खाण्यातल्या अळ्या, चक्कीवरून आणलेल्या गव्हाच्या कोंड्यात घरीच वाढतात, आणि कौलं जुन्या घराची पडूनच होती.

धाकटा नर कराडच्या एकाला द्यायचं ठरतंय. त्याच्याकडे एक मादी आहे. परवा त्यानं फोनवर विचारलं, "दोघांना एकत्र ठेवलं तर चालेल ना?" म्हटलं, आधी दुसरा टब घ्या, त्याचा फोटो पाठवा, मग न्यायला या.