नवीन काही करायचं तर आधी कुणाकडे जायचं?

"मॅडम, आमच्याकडे कितीही चांगली कल्पना मांडा, फाईल हलतच नाही, तुमच्याकडे कसं जमतं?" हे मला नवीन लागलेले प्राध्यापक विचारतात, दुसऱ्या कॉलेजांचे क्लार्कही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी नाशिकमधल्या एका विद्यापीठात ऑफिसला आहे आणि माझं ठाम मत आहे की कल्पना आपल्या रोजच्या डब्याच्या ग्रुपमध्ये सापडत नाही, ती दुसऱ्या सेक्शनमध्ये सापडते, पण तडीला जाते ती आपल्या भरवशाच्या माणसांमुळेच.

बोनाफाईडचंच घ्या, म्हणजे मुलगा इथे शिकतो असा दाखला. मुलाने अर्ज द्यायचा, तो इनवर्डला, म्हणजे आवक नोंदीत चढायचा, मग फी बाकी आहे का बघायला अकाउंट्सकडे, तिथून परत आमच्याकडे, मग सहीला. सुरगाणा, पेठहून आलेल्या पोरांना एका कागदासाठी दोन-दोन चकरा, एसटीचं भाडं वेगळं. आम्ही सेक्शनमधले जेवताना यावर कितीतरी बोलायचो पण गाडी तिथेच, कारण जे मला माहीत तेच शेजारणीला माहीत. तोडगा सापडला स्टाफ बसमध्ये. लायब्ररीतले एक सर, त्यांच्याशी माझी ओळख "काय मॅडम, आज उशीर" एवढीच, द्वारका चौकात बस अडकली तेव्हा सांगत होते की नो ड्यूजसाठी त्यांनी आणि अकाउंट्सने एकच गूगल शीट ठेवलीय, कुणाचं काय बाकी ते दोघांनाही लगेच दिसतं. मी म्हटलं, मग आम्हाला का नाही दिसत? ते म्हणाले, तुमच्याकडून कुणी मागितलंच नाही.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच हे मांडलंय. ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्याने कळवलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटायचा म्हणणारे जेमतेम १७ टक्के, बाकीच्यांची भेट अधूनमधून नाहीतर क्वचितच. जवळच्यांना आपल्याइतकंच माहीत असतं, नवी बातमी लांबच्याकडून येते.

पण शीट उघडून देणं सोपं नव्हतं हं. अकाउंट्सच्या ताई म्हणाल्या, आकडा चुकला तर माझ्यावर येईल. त्यांची भीती अगदी खरी होती, चौकशी लागली की खालचाच माणूस सापडतो. आमच्या ओएस (ऑफिस सुपरिंटेंडंट) सरांनी तिथल्या तिथे नोटवर लिहून दिलं की पडताळणीची जबाबदारी आमच्या सेक्शनची, आणि ताईंचा त्यांच्यावर जुना विश्वास, म्हणून झालं. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना हॉस्पिटलांचा अभ्यास करताना आढळलं होतं की ज्या टीममध्ये संबंध चांगले तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जातात, कारण तिथली माणसं चूक लपवत नाहीत. आमच्या ऑफिसला हे शंभर टक्के लागू पडतं. जिथे बोलायची भीती तिथे नवीन काही करून बघायला कोण धजणार?

उलटंही होतं. कंपू फार घट्ट झाला की एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून सगळे हो ला हो करतात आणि बाहेरच्याची सूचना म्हणजे आपला अपमान वाटतो. त्यात टीचिंग-नॉन टीचिंग ही भिंत, कॅन्टीनमध्ये टेबलंसुद्धा वेगळी. खरं तर कोणती फाईल कुठल्या टेबलावर अडकते हे डिस्पॅचच्या, म्हणजे टपाल-फाईली पोचवणाऱ्या मामांना जेवढं माहीत तेवढं कुठल्याच कमिटीला माहीत नसतं, पण मामांना मीटिंगला कोण बोलावतं? फक्त नॅकच्या, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या तपासणीच्या वेळी सगळे सेक्शन एकत्र बसतात, कारण प्रत्येकाकडून डेटा लागतो, आणि त्याच दिवसांत सगळ्यात जास्त गोष्टी सुचतात हे मी स्वतः बघितलंय. तपासणी संपली की पुन्हा जो तो आपल्या खोलीत.

म्हणून मी प्रस्ताव दिलाय की नवीन लागलेल्या प्रत्येकाला आधी पंधरा दिवस दुसऱ्या दोन सेक्शनमध्ये बसवावं. फाईल आस्थापनेत, म्हणजे कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या सेक्शनमध्ये आहे आणि तिथल्या मॅडमशी माझी फारशी ओळख नाही, तेव्हा उद्या जेवायला त्यांच्याकडेच जाऊन बसणार आहे.