परदेशी ऑनलाइन दुकानातून सवलतीत हेल्मेट मागवण्याचा माझा अनुभव

मागच्या वर्षी माझ्या हेल्मेटच्या गालाकडच्या गाद्या इतक्या दबून गेल्या की मान वळवली तरी हेल्मेट क्षणभर जागच्या जागीच राहते, असे जाणवू लागले. डोक्यावर घट्ट न बसणारे हेल्मेट आपटल्यावर आपले काम नीट करू शकत नाही, त्यामुळे ते बदलणे भाग होते. धाकट्या भावालाही त्याच सुमारास नवे हेल्मेट हवे होते. आम्हा दोघांना पसंत पडलेले पूर्ण चेहरा झाकणारे मॉडेल परदेशातल्या दोन ऑनलाइन दुकानांवर जवळजवळ निम्म्या किमतीत दिसले आणि तिथून जवळपास तीन महिन्यांचा प्रवास सुरू झाला. त्या तीन महिन्यांत जे कळले ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण सवलतीचा आकडा पाहून ऑर्डर करण्याआधी हे सारे कोणी मला सांगितले असते तर एका हेल्मेटचा परतीचा फेरा टळला असता.

एवढी सवलत का मिळते, हे मी सर्वांत आधी समजून घेतले. हेल्मेट कंपन्या दरवर्षी रंग आणि चित्रे बदलतात. आतले कवच आणि थर्माकोलचा थर तोच असतो, पण मागच्या हंगामातले चित्र दुकानाला लवकर खपवायचे असते. अशी सवलत निर्धोक असते आणि मी तिच्याच शोधात होतो. दुसरे कारण कराचे आहे. युरोपातल्या बहुतेक देशांत दाखवलेल्या किमतीत मूल्यवर्धित कर धरलेला असतो आणि युरोपीय संघाबाहेर माल पाठवताना बरीच दुकाने तो वजा करतात. जर्मनीत हा कर १९ टक्के आहे, पण तो मूळ किमतीवर लागलेला असल्यामुळे वजा झाल्यावर दाखवलेली किंमत १९ नव्हे, सुमारे १६ टक्क्यांनी उतरते. ब्रिटनमध्ये मोटरसायकलच्या संरक्षक हेल्मेटवर हा कर शून्य दराने लागतो, म्हणून तिथल्या दुकानात निर्यातीच्या वेळी किंमत आणखी उतरण्याची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. दोन दुकानांची तुलना करताना मी आधी ही गफलत केली होती. तिसरे कारण म्हणजे जुन्या मानकाचा माल, आणि त्याकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागते.

युरोपीय हेल्मेटवर ईसीई २२ या सुरक्षाविषयक नियमाची खूण असते. तिची २२.०६ ही आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये अमलात आली. आधीच्या २२.०५ मध्ये आघाताची चाचणी मुख्यतः एका वेगाने, सेकंदाला साडेसात मीटरने, घेतली जात असे. नव्या आवृत्तीत त्याहून कमी आणि जास्त अशा दोन्ही वेगांच्या चाचण्या आल्या आणि तिरका आघात झाल्यावर डोक्याला किती पीळ बसतो हेही मोजले जाऊ लागले. खऱ्या अपघातात डोके बहुधा तिरकेच आपटते, म्हणून ही भर मला महत्त्वाची वाटली आणि २२.०५ चे हेल्मेट कितीही स्वस्त असले तरी घ्यायचे नाही असे मी ठरवले. हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर वर्तुळात ई हे अक्षर आणि मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा असतो: १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली. त्याखालच्या क्रमांकाची सुरुवात ०६ ने झाली असेल तर मान्यता नव्या आवृत्तीची आहे. क्रमांकानंतर पी हे अक्षर असेल तर हनुवटीकडचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला आहे, आणि ‘जे’ हे अक्षर असेल तर ते चेहरा उघडा ठेवणारे हेल्मेट आहे. वर उचलता येणाऱ्या हनुवटीच्या काही हेल्मेटवर ही दोन्ही अक्षरे असतात. मी दुकानाला ईमेल करून याच लेबलचे छायाचित्र मागितले. एका दुकानाने ते दुसऱ्याच दिवशी पाठवले, दुसऱ्याने उत्तरच दिले नाही, आणि दुकान कोणते निवडायचे हा प्रश्न तिथेच सुटला.

याच्या जोडीला कायद्याची बाजूही पाहावी लागते. एखादे हेल्मेट उत्तम असणे आणि आपण जिथे गाडी चालवतो तिथे ते कायदेशीर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत हेल्मेटला डॉटची, म्हणजे तिथल्या परिवहन विभागाच्या एफएमव्हीएसएस २१८ या मानकाची खूण लागते आणि ती कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर लावते. युरोपात विक्रीआधीच नमुन्यांची तपासणी होऊन मान्यता मिळते. एकाच नावाचे मॉडेल दोन बाजारांत वेगवेगळ्या खुणांसह विकले जाते आणि काही वेळा त्यांची आतली रचनाही सारखी नसते. आपल्या देशाच्या नियमांत कोणती खूण चालते, वैयक्तिक वापरासाठी परदेशी हेल्मेट आणता येते का, आणि अपघातानंतर विमा कंपनी त्या खुणेला मान्यता देते का, हे पैसे भरण्याआधीच तपासले पाहिजे. मी हे लेखी विचारून घेतले आणि उत्तरे जपून ठेवली.

मापाचा भाग मात्र सर्वांत अवघड निघाला. डोक्याचा घेर मोजण्याची पद्धत सोपी आहे: शिवणकामाची मऊ टेप भुवयांच्या साधारण अडीच सेंटीमीटर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवायची, तीन-चार वेळा मोजायचे आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. माझा घेर ५९ सेंटीमीटर आला, भावाचाही तेवढाच. प्रत्येक कंपनीचा मापांचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे एका कंपनीचे लार्ज दुसऱ्या कंपनीत मीडियम ठरू शकते. म्हणून आम्ही त्याच कंपनीचा तक्ता पाहिला आणि दोघांसाठी एकच माप मागवले. चूक इथेच झाली. घेर सारखा असला तरी डोक्याचा आकार सारखा नसतो. वरून पाहिल्यावर काहींचे डोके जवळजवळ गोल दिसते, काहींचे पुढून मागे लांबट आणि दोन्ही बाजूंनी चपटे असते, तर बहुतेकांचे या दोहोंच्या मधले. कंपन्या बहुधा मधल्या आकारासाठी हेल्मेट बनवतात. माझे डोके त्यात बसते. भावाचे लांबट आहे, हे आम्हाला हेल्मेट घरी आल्यावर कळले. त्याने ते अर्धा तास घालून ठेवले तेव्हा कपाळाच्या मधोमध लाल वण उमटला आणि कानांच्या वर मात्र बोट जाईल एवढी मोकळी जागा राहिली. मोठे माप घेतले असते तर कपाळावरचा दाब कमी झाला असता, पण बाजूंची पोकळी वाढली असती. गालाच्या गाद्या बहुतेक चांगल्या हेल्मेटमध्ये बदलता येतात. पण कपाळाशी येणारा कठीण थर बदलता येत नाही आणि तो स्वतः कोरून पातळ करणे म्हणजे डोक्याचे संरक्षणच कमी करणे. त्यामुळे परत पाठवण्यावाचून मार्ग नव्हता.

आता खर्चाविषयी. मी केवळ हेल्मेटची किंमत आणि पाठवणीचा खर्च धरून हिशेब केला होता. हेल्मेटचे वजन दीड किलोच्या आसपास असते, म्हणून पाठवणी स्वस्त पडेल असे वाटले होते. परंतु कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचे, हे त्यांचे प्रचलित सूत्र आहे. चाळीस गुणिले तीस गुणिले तीसचे खोके अशा हिशेबाने ७.२ किलोचे ठरते, आणि आमची अशी दोन खोकी होती. आयातशुल्कही बहुतेक ठिकाणी केवळ मालाच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज करून तिच्यावर शुल्क आणि त्या एकूण रकमेवर पुन्हा स्थानिक कर बसतो. संरक्षक हेल्मेट जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात ६५०६.१० या क्रमांकाखाली येतात. हा क्रमांक घेऊन मी आपल्या देशाचा दर शोधला आणि दुकानालाही तो बिलावर छापायला सांगितला, जेणेकरून अधिकाऱ्याला माल कोणत्या गटात घालायचा याचा तर्क करावा लागू नये. याखेरीज आपल्या वतीने शुल्क भरल्याबद्दल कुरिअर कंपनी जी वेगळी फी घेते, ती माझ्या हिशेबात नव्हतीच. सारे मिळून निम्म्या किमतीचे हेल्मेट इथल्या किमतीच्या सुमारे ८० टक्क्यांना पडले. फायदा झाला, पण सेलच्या पानावर दिसला तेवढा मुळीच नाही. बिलावर किंमत कमी दाखवू का, असे काही विक्रेते आपणहून विचारतात. त्याला होकार देऊ नये. ते बेकायदेशीर आहे, आणि पार्सल हरवले तर भरपाईही त्याच खोट्या रकमेपुरती मिळते.

पैसे मी क्रेडिट कार्डाने भरले, कारण माल आलाच नाही तर बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागता येते. पैसे भरताना रक्कम आपल्या चलनात दाखवू का, असा पर्याय समोर येतो, तेव्हा दुकानाचेच चलन ठेवलेले बरे. आपल्या चलनाचा दर तिथे बहुधा महाग लावलेला असतो. केवळ बँक खात्यात पैसे मागणारी, पत्ता न देणारी आणि प्रत्येक मॉडेलवर प्रत्येक मापात सारखीच प्रचंड सवलत दाखवणारी दोन संकेतस्थळे मी सोडून दिली. खऱ्या सेलमध्ये मधली मापे लवकर संपतात आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठीच मागे उरतात, हे ध्यानात ठेवले तर खोटा सेल ओळखायला मदत होते.

पार्सल सतरा दिवसांनी आले. खोके उघडण्यापासून मी व्हिडिओ काढला. माझ्या हेल्मेटचे अस्तर काढून आत पाहिले तर उत्पादनाची तारीख जवळजवळ तीन वर्षांपूर्वीची होती. पहिल्या वापरापासून पाच वर्षांनी आणि उत्पादनापासून सात वर्षांनी हेल्मेट बदलावे, असा सल्ला अनेक कंपन्या देतात. त्यामुळे ते वापरण्याजोगे होते, पण दुकानाने ही गोष्ट आधी सांगायला हवी होती आणि मी आधी विचारायला हवी होती. मी लेबलचे आणि तारखेचे छायाचित्र पाठवून शांतपणे लिहिले. दोन ईमेलनंतर त्यांनी किमतीचा दहावा हिस्सा परत केला. मी तो स्वीकारला, कारण हेल्मेट बंद खोक्यात होते, ते कधी आपटलेले नव्हते आणि मुख्य म्हणजे ते माझ्या डोक्यावर अचूक बसत होते.

भावाचे हेल्मेट परत पाठवायला सहा आठवडे गेले. सुदैवाने आम्ही ते घरातच, डोक्याला स्वच्छ सुती कापड बांधून घातले होते आणि व्हायझरवरचा, म्हणजे डोळ्यांपुढच्या पारदर्शक काचेवरचा, पातळ कागद काढला नव्हता, त्यामुळे दुकानाने ते नवे म्हणून परत घेतले. परतीचा वाहतूक खर्च आमचाच होता. पार्सलवर ‘परत पाठवलेला माल’ असे स्पष्ट लिहिणे आणि मूळ बिलाची प्रत जोडणे आवश्यक होते, नाहीतर तिकडे त्यावर पुन्हा शुल्क लागले असते. इकडे भरलेले आयातशुल्क परत मिळवण्यासाठी निर्यातीची कागदपत्रे, शुल्क भरल्याची पावती आणि दुकानाचे परताव्याचे पत्र असा संच सादर करावा लागला. तो अर्ज मंजूर झाला, तरी कुरिअरची फी आणि दोन्ही बाजूंची वाहतूक गेलीच. त्यानंतर भावाने लांबट डोक्यासाठी मॉडेल बनवणाऱ्या कंपनीचे हेल्मेट आधी एका दुकानात अर्धा तास घालून पाहिले आणि तेच, सवलत कमी असूनही, तिथेच घेतले. माझ्या मते त्याने योग्य केले.

माझ्या ऑर्डरमधली एक गोष्ट मात्र मी पुढेही तशीच करेन. त्याच खोक्यात मी एक जादा व्हायझर, धुके न धरणारी आतली पट्टी आणि गालाच्या गाद्यांचा एक सुटा जोड मागवला होता. खोक्याचे आकारमान तेवढेच राहिल्यामुळे वाहतुकीचा खर्च वाढला नाही. ते मॉडेल आता बंद झाले आहे आणि त्याचे सुटे भाग मिळणे कठीण झाले आहे. गेल्या महिन्यात चिखलाच्या ओरखड्यांनी पहिला व्हायझर धूसर झाला, तेव्हा कपाटातला दुसरा काढून मी पाच मिनिटांत बसवला.