नायसियात बायबल ठरलं नाही, मग काय ठरलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला घेतलं. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "इ.स. 325 मध्ये नायसियाला (आजच्या तुर्कस्तानात) बिशप जमले, त्यांनी सिद्धांत ठरवला आणि त्याला सोयीची पुस्तकं बायबलात घेतली, खरं ना?"

नाही. त्या परिषदेचे 20 नियम उपलब्ध आहेत. त्यांत पुस्तकांची यादी नाही. नव्या कराराची आजची 27 पुस्तकं, ना कमी ना जास्त, प्रथम नोंदवलेली दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 सालच्या ईस्टरपत्रात (ईस्टरच्या निमित्ताने मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात). चार शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं मात्र नायसियाच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांमध्ये वाचली जात होती.

सिद्धांताचा गाभाही जुनाच. सृष्टी निर्माण करणारा एकच देव, देहधारी झालेला, मेलेला आणि उठलेला पुत्र, पवित्र आत्मा, एवढं बाप्तिस्म्याच्या वेळी शिकवलं जाई. 180 च्या सुमारास लियाँचा बिशप आयरेनियस या शिकवणीला सत्याचा नियम म्हणतो. त्याची तक्रार अशी की, राजाच्या चित्रातले रत्नखडे उचलून त्यांचंच कोल्ह्याचं चित्र मांडावं, तसे विरोधक शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, वचनं उचलून भलतीच कथा रचतात. खडे खरे, मांडणी खोटी. मांडणी ओळखायला नियम हवा.

याच नियमाने पुस्तकंही पारखली गेली. सेरापियन या अंत्युखियाच्या बिशपाने 200 च्या आसपास पेत्राच्या नावाचं शुभवर्तमान न वाचताच वाचनाला परवानगी दिली होती. पुढे स्वतः वाचल्यावर बराचसा भाग बरोबर, पण काही भर घातलेली आढळली, आणि त्याने मंडळीला सावध केलं.

नायसियातला वाद होता पुत्र पित्यासारखाच देव आहे की निर्माण केलेला, यावर; निर्माण केलेला असं अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस शिकवत होता. हा वाद मात्र दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या पुस्तकांच्याच आधारे चालला. एरियसच्या बाजूने नीतिसूत्रे 8:22 पुढे केलं जाई (ग्रीक पाठात तिथे ज्ञान म्हणतं, 'परमेश्वराने मला निर्माण केलं') आणि योहान 14:28, 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे'. समोरून योहान 10:30 येई, 'मी आणि पिता एक आहोत'. नुसती वचनं मोजून हा वाद मिटण्यासारखा नव्हता. अथनेशियस सांगतो, बिशपांनी पुत्र 'देवापासून' आहे असं शास्त्राच्याच शब्दांत लिहायचं ठरवलं, तर एरियसचे समर्थक लगेच तयार झाले: 1 करिंथ 8:6 प्रमाणे सगळंच देवापासून आहे की! शेवटी 'पित्याशी एकाच तत्त्वाचा' हा शास्त्राबाहेरचा शब्द घ्यावा लागला, कारण त्याला मात्र ते हो म्हणू शकत नव्हते.

हे पाऊल सोपं नव्हतं. 357 मध्ये सिर्मियम या शहरात जमलेल्या बिशपांनी तो शब्द शास्त्रात नाही म्हणून वापरूच नये असं जाहीर केलं. शब्द नसला तरी अर्थ शास्त्रातलाच आहे, असं अथनेशियसला सविस्तर मांडावं लागलं. माझ्या मते शास्त्राचं वजन किती होतं, हे इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या मतांगीकारात (श्रद्धेच्या अधिकृत विधानात) पवित्र आत्म्याविषयी तो शब्द वापरलेलाच नाही. तिथे 'प्रभू' आणि 'जीवन देणारा' आहे, आणि पिता-पुत्रांबरोबर त्याची आराधना होते असं म्हटलं आहे.