हाजी पीर का दिलं? तुम्ही विचारलंत म्हणून

१२ मार्च आणि २५ नोव्हेंबरच्या, म्हणजे जयंती-पुण्यतिथीच्या आसपास मला कुठे ना कुठे यशवंतराव चव्हाणांवर बोलायला बोलावतात, आणि विषय काहीही दिलेला असो, पंचायत राज असो नाहीतर साखर कारखाने, शेवटी एकजण हात वर करतोच. "सर, ताश्कंदला चव्हाणसाहेब होते ना? मग हाजी पीर कसं काय जाऊ दिलं?" हाजी पीर म्हणजे काश्मीरमधली उरी आणि पूंछच्या मधली खिंड, ६५ च्या युद्धात आपण जिंकलेली आणि जानेवारी ६६ च्या ताश्कंद करारानंतर पाकिस्तानला परत दिलेली; चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री. आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही असतं की जणू खिंड मीच पाकिस्तानला देऊन आलोय. पूर्वी दोन वाक्यांत उत्तर देऊन खाली बसायचो. आता वैताग आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पाकिस्तानचं ऑपरेशन जिब्राल्टर काय होतं, रणगाड्यांच्या लढाया कुठे झाल्या, ते तुम्हाला पाठ आहे, सोडतो. शास्त्रीजींच्या मृत्यूचंही सोडतो, कारण ते एकदा सुरू झालं की करारात काय लिहिलंय ते कुणालाच ऐकायचं नसतं.

सगळा राग ताश्कंदवर काढतात, पण "५ ऑगस्ट १९६५ च्या आधी होतात तिथे परत जा" ही ओळ ताश्कंदची नाहीच मुळी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २११ नंबरचा ठराव, २० सप्टेंबरचा, त्यात ती आहे, आणि काश्मीरवर ज्यांच्या नकाराधिकाराच्या भरवशावर आपण बसायचो त्या रशियानेही त्याच्याच बाजूने मत दिलं. तो ठराव झाला, दोघांनी युद्धबंदी मान्य केली, २३ सप्टेंबरला तोफा थांबल्या. म्हणजे ४ जानेवारीला ताश्कंदमध्ये शास्त्रीजी आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान समोरासमोर आले तेव्हा तारीख आधीच ठरलेली, भांडण उरलं होतं ते बाकी कशाच्या बदल्यात एवढ्याचं.

आणि बदल्यात काहीच नव्हतं असं बोलणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न असतो, जम्मूतलं आपलं छांब कुणाकडे होतं? पंजाबातलं खेमकरण कुणाकडे होतं? छांब-जौडियां घेऊन पाकिस्तानी फौज अखनूरच्या अंगावर आली होती, आणि अखनूरचा चिनाबवरचा पूल गेला असता तर राजौरी-पूंछचा रस्ताच तुटला असता. आपल्याकडे त्यांची जमीन जास्त होती हे खरं, पण म्हणून आपलं ते ठेवायचं आणि त्यांच्याकडचं आपलं फुकट परत मागायचं, असा सौदा कुठल्या बाजारात होतो? त्यात वर्ष दुष्काळाचं, अमेरिकेचा गहू हात आखडून येतोय, सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हणून स्वतः पंतप्रधान सांगतायत. अशा देशाने आणखी सहा महिने ताणून धरायचं होतं का, हे एकदा शांतपणे सांगा.

हे सगळं मी पाठ म्हणतो. कारण दुसरी बाजूही मला पाठ आहे, कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत मी ताश्कंदच्या विरोधातच बोललो होतो, "जवानांनी रणात कमावलं, पुढाऱ्यांनी टेबलावर गमावलं" वगैरे, आणि ढाल आणली होती. आजही ते पोरगं माझ्याशी भांडतं. म्हणतं, शास्त्रीजींच्या मंत्रिमंडळातल्या महावीर त्यागींनी ताश्कंदवरून मंत्रिपद सोडलं ते काय उगाच? तो माणूस काही वक्तृत्व स्पर्धेत नव्हता. कारगिलवरची ठाणी मे ६५ मध्ये घेतली, सोडली, ऑगस्टमध्ये परत घेतली, ताश्कंदनंतर परत सोडली, आणि ७१ ला तिसऱ्यांदा घ्यावी लागली. तेव्हा मात्र सिमला करारात नाही दिली! मग ६६ ला का दिली? मी त्याला म्हणतो, बाबा, ७१ ला नव्वद हजारांवर युद्धकैदी होते आपल्याकडे, आणि तरीही आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडची जिंकलेली जमीन आपण परत दिलीच की. शिवाय ७१ ला छांब गेलं ते गेलंच. त्याला पटत नाही. खरं सांगू, मलाही रोज पटतंच असं नाही.

कराडच्या बाजूला एका गावात, वाचनालयाच्या हॉलमध्ये बोलत होतो. प्रोजेक्टरवर नकाशा लावलेला, उरी वर, पूंछ खाली, मधे हाजी पीर, आणि २८ ऑगस्टला मेजर रणजित सिंग दयाल यांच्या नेतृत्वाखाली वन पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची पहिली बटालियन, कुठून चढली त्याचा मी एक लाल बाण काढला होता. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतले एक म्हातारे उठले. पांढरी टोपी, काठी, सुभेदार म्हणून रिटायर झालेले. मला वाटलं, आला प्रश्न. प्रश्न नाही, ते सरळ पडद्यापाशी आले आणि काठी टेकवून म्हणाले, "सर, तुमचा बाण चुकलाय."

मग त्यांनी काठीनेच दाखवलं. सांक इथं, लेडीवाली गली इथं, मग खाली हैदराबाद नाल्यात उतरायचं आणि तिथून रात्री, पावसात, वर. ते स्वतः हल्ल्यात नव्हते, मागून राशन आणि गोळी घेऊन जाणाऱ्या खच्चरांबरोबर होते. "आमाला वर पोचायला दुसरा दिवस लागला. एक खच्चर माझ्या डोळ्यांदेखत खाली गेलं, पाठीवर तांदूळ." पुढे काही महिने तिकडेच, आणि फेब्रुवारीत बर्फातून उतरायचा हुकूम. "उतरताना बी एक गेलं. चढताना गेलेल्याचं आमी कुणाला इचारलं नाय. उतरताना गेलेल्याचं मात्र इचारावं वाटतं."

मी माझं सुरू केलं, २११ नंबरचा ठराव, छांब, अखनूर. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, अगदी नीट, मधे मानही हलवली. मग म्हणाले, "ते बराबर आसंल. पण चव्हाणसायेब तितं बसल्यालं, त्यांनी नगं म्हनलं का? तेवढंच सांगा." मी म्हटलं, ते शिष्टमंडळात होते, करार झाला, आणि संरक्षणमंत्री म्हणून २५ फेब्रुवारीच्या आत फौज मागे घेण्याचं काम त्यांच्याच खात्याने पार पाडलं. "म्हंजी व्हय म्हनलं," असं म्हणून ते जागेवर जाऊन बसले. लगेच ग्रंथपालांनी आभार मानायला माइक घेतला आणि चहा आला.

त्या माणसाला मी उत्तर दिलं नाही असं नाही, माझे मुद्दे त्याच्या प्रश्नाला लागूच होत नव्हते. मला त्या दिवशी रागच आला होता खरं तर, की यशवंतरावांनी ताश्कंदला काय करायला हवं होतं, शास्त्रीजींना सोडून उठून यायचं होतं? हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आपणच टाळ्या वाजवल्या, म्हणून काय सह्याद्रीने एकट्याने खिंड धरून बसायची होती?

आणि गंमत बघा, लाहोरातही तेव्हा पोरं रस्त्यावर उतरली होती, अयूबने काश्मीर विकलं म्हणून. कारण काश्मीरबद्दल ताश्कंदच्या जाहीरनाम्यात एवढंच होतं की विषयावर बोलणं झालं आणि दोघांनी आपापली भूमिका मांडली. परराष्ट्रमंत्री भुट्टोंनी पुढे त्याच रागावर राजकारण उभं केलं. एकाच कागदाने दोन्हीकडची माणसं आपलं विकलं म्हणत असतील तर तो कागद बरा असावा, असं मी पूर्वी भाषणात म्हणायचो. हल्ली म्हणत नाही, ऐकायला छान वाटतं पण त्याने सिद्ध काही होत नाही. दोघांचंही नुकसान झालेलं असू शकतं.

तर माझं म्हणणं अजून तेच, जानेवारी ६६ मध्ये तिथे बसलेल्या माणसाला दुसरा रस्ता नव्हता. तुमच्याकडे असेल तर जरूर सांगा, पण मग छांबसकट सांगा. आणि नकाशातला बाण मी दुरुस्त केलाय.